उभ्या गाडीचं आईल

मुंजाबा पहिल्यांदा कडुबाच्या दुकानात गेला तो मेंढीसाठी. ही गोष्ट पुढं सगळेच विसरले, म्हणून आधीच सांगून ठेवलेली बरी.

मेंढी एकच उरली होती. तिच्या खुरात जखम झाली होती आणि जखमेवर माश्या बसत होत्या. जळकं आईल लावलं की माशी बसत नाही, हे हिवरवाडीत शेंबड्या पोराला पण ठाऊक. म्हणून वैशाखाच्या उन्हात, बाजाराच्या दिवशी, मुंजाबा दीड कोस चालत करमाडला गेला आणि स्टँडजवळच्या आईल-ग्रीसच्या दुकानापुढं उभा राहिला.

कडुबाचा धंदा आईल विकायचा होता, पण त्याची समजूत आपण डॉक्टर आहोत अशी होती. तपासल्याबिगर तो कुणाला थेंब देत नसे.

"थोडं आईल पाहिजे व्हतं," मुंजाबा म्हणाला.

"किती जुनी हाय?" कडुबानं विचारलं.

मुंजाबाला नवल वाटलं. ह्याला कसं कळलं मेंढीचं? पण बरंही वाटलं.

"आकरा वर्सांची."

"म्हंजी म्हातारीच म्हना की. चढाला दम टाकती?"

"लई टाकती. आता चढाला नेतच नाय म्या."

"सकाळी चालू व्हाया कुरकुर?"

"करती. मागून दोनदा ढकलावं लागतं."

"धूर?"

मुंजाबानं डोकं खाजवलं. "थंडीत निघतो वाईच. तोंडातून. पांढरा."

"फुडून निघतो म्हंजी पाणी कमी पडत आसन. पाणी किती घेती?"

"आर्धी बादली. उन्हाळ्यात एखांदा तांब्या जादा."

"आर्धी बादली," कडुबा गंभीर झाला. "आन आईल खाती का?"

"नाय. एकदा चाटलं व्हतं, तर दोन दिस हागली."

"खालून गळती," कडुबा स्वतःशीच म्हणाला.

"व्हय. खालूनच."

"मंग चाळीस नंबर घ्या. घट्ट असतं. जुन्या गाडीला पातळ आईल घातलं की आतनं खडखड करती. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, आसं नाय करायचं आपण. कोन्ती का गाडी आसंना, आधी तिची तब्येत बगायची."

गाडी हा शब्द मुंजाबाच्या कानावर तेव्हा पडला. चूक त्याच्या ध्यानात आली. तोंड उघडून 'गाडी नाय, मेंढी हाय' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानं मनातल्या मनात मोजलं, तर कडुबानं त्याला सहा प्रश्न विचारले होते. दोन वर्षांत मिळून त्याला कुणी सहा प्रश्न विचारले नव्हते. त्यानं तोंड मिटलं आणि अर्ध्या लिटरची बाटली भरून घेतली.

मेंढीचं खूर आठ दिवसांत भरून आलं. चाळीस नंबरचा हा गुण कोणत्याच डब्यावर लिहिलेला नाही.

दोन वर्षांमागं त्याची बायको बानाबाई गेली होती. तोवर दीडशे मेंढरांचा कळप होता. पण जालना रोडच्या अंगानं प्लॉट पडत गेले, तारा आल्या, आणि मेंढरांना गवत दिसायचं पण तोंड पोचायचं नाही, अशी वेळ आली. कळप विकला. पोरगा बिरू वाळूजला कंपनीत लागला, रांजणगावात खोली घेऊन राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी तो वाडीत यायचा आणि झोपायचा. रात्रपाळीनं त्याच्या डोळ्यांत एवढी झोप साठलेली असायची की सुटीचे दोन दिवस तिला पुरत नसत. मुंजाबा उशाशी बसून त्याला बघायचा. कूस बदलली तर बरं वाटायचं, तेवढीच हालचाल. उठल्यावर बिरू म्हणायचा, "निगतो आबा." आल्यावर "आलो" म्हणालेला असायचा. दोन शब्दांत भेट उरकायची.

म्हणून मुंजाबा पुढच्या बाजारी पुन्हा कडुबाकडं गेला.

"कशी हाय?" कडुबानं लांबूनच विचारलं.

"बरी हाय. चालाया लागली."

"चढाला?"

"आजून दम हायच."

"घाई नाय करायची. आईलाला आत मुरू द्यायचं."

असे बाजार होत गेले. भादव्यात मेंढी मेली. दुखणं नाही, काही नाही. सकाळी ढकलली तर उठली नाही. मागं तिची गाठोडंभर लोकर राहिली आणि मुंजाबाचा बाजारचा दिवस राहिला. त्या आठवड्यात कडुबानं विचारलं, "आवाज कसा करती आता?"

मुंजाबानं पिशवीतून बाटली काढली. "आता काय बी आवाज करत नाय."

"मंग झाक चाललंय," कडुबा म्हणाला. "आवाज नाय म्हंजी आईल बरूबर लागू पडलं."

आता मेंढी नव्हती, गाडी तर कधीच नव्हती. तरी मुंजाबा दर बाजारी अर्धा लिटर आईल आणायचा आणि बाटल्या घरातल्या फळीवर मांडून ठेवायचा. बाटली घेतल्याशिवाय दुकानापुढं उभं राहायला तोंड नव्हतं, आणि उभं राहिल्याशिवाय कुणी विचारणार नव्हतं. एवढाच त्यातला हिशेब. हे कडुबाला कळलं तर तो हसणार, आणि हसल्यावर विचारायचा थांबणार, ह्या भीतीनं मुंजाबा बाजाराच्या आदल्या दिवसापासून उत्तरं घोकत बसायचा.

कडुबा आता त्याला शहाणा करायला लागला होता. "हे बगा मामा," तो अंगठा आणि बोट आईलात बुडवून चिमटी उघडायचा. "हे तीस नंबर. तार तुटती बगा लगीच. पातळ. हे चाळीस, तार धरतंय. आन ह्ये नव्वद. वास घ्या."

"सडक्या अंड्यावानी."

"हां. हे इंजनात चुकून नाय घालायचं. हे गेरबॉक्साचं. आन ह्ये रंगीत दिसतंय त्ये टू-टी. लुना-राजदूतच्या पेट्रोलात मिसळून जाळायचं. जन्म झाला का मरन, त्याला मधलं काय नाय."

"आन थंडीत?"

"थंडीत माणूस कसा आखडतो? तसंच आईल. चाळीस नंबर पोषात पहाटं बगा, काकवीवानी बसून ऱ्हातं. म्हणून आता नवीन निगालंय." कडुबानं एका बॅरलवर थाप मारली. "वीस डब्ल्यू चाळीस. गार आसंल तवा इसावानी पातळ, तापलं की चाळिसावानी घट्ट. फुडाऱ्याच्या उलटं."

"मधलं डबलू काय?"

आता कडुबाला डॉक्टरकी करायची सवय होती, आणि डॉक्टर 'ठाऊक नाय' असं म्हणत नाहीत.

"डब्ल्यू म्हंजी वाळूज," तो म्हणाला. "तिकडल्या कंपनीच्या बसा हेच वापरत्यात."

मुंजाबानं त्या दिवशी वाळूजचं आईल घेतलं. पुढच्या बाजारी पण तेच. त्याच्या बाटल्या त्यानं फळीवर न ठेवता देवळीत ठेवल्या, बानाबाईच्या कुंकवाच्या डबीशेजारी. सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना तो त्यातली एक हलवून बघायचा. पोरगा ज्या बसमधून कामाला जातो त्या बसच्या पोटातलं हे तेल, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. बिरूचं काही तरी घरात आहे, असं वाटायचं.

मुंजाबाला अक्षर येत नव्हतं. म्हणून त्यानं मेल्या मेंढीच्या लोकरीचे धागे वळले आणि कळपात खुणा करायचा तशा बाटल्यांच्या गळ्यात बांधले. चाळिसाला काळा, तिसाला तपकिरी, नव्वदला दोन गाठी, वाळूजच्याला पांढरा. पंचवीस-तीस बाटल्या झाल्या. रात्री अंधारात हात लावला तरी त्याला कोण कुठं बसलंय ते कळायचं. कळप मोठा नव्हता, पण गुणी होता. चरायला मागत नव्हता.

दिवाळीनंतर संकट आलं. आईलच्या कंपनीचा एक टायवाला माणूस कडुबाच्या दुकानात भिंतीवर रंगीत तक्ता ठोकून गेला. तक्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, जीप, स्कूटर, सगळ्यांची चित्रं आणि त्यापुढं आईलचे नंबर. जाता जाता तो हेही सांगून गेला की डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा.

"मामा, तुमच्या वाळूजचा हिवाळा झाला," कडुबा म्हणाला. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"सारखंच हाय," मुंजाबा म्हणाला.

"आता गिऱ्हाईकाला खोदून खोदून इचारायचं काम नाय. चित्रावर बोट ठेवायचं, नंबर सांगायचा, बाटली घ्यायची. पाच मिंटात मोकळं." कडुबा तक्त्याकडं घरात नवीन जावई बसल्यासारखं बघत होता. "ठेवा बोट. कोन्ती तुमची?"

सात महिन्यांत कडुबानं हे विचारलं नव्हतं. डॉक्टर तब्येत विचारतात, नाव कंपाउंडर विचारतो. मुंजाबाचं बोट तक्त्यावरून फिरलं आणि जिथं थांबलं तिथं जीप होती.

"जीप?" कडुबाचे डोळे मोठे झाले. "मामा, तुमच्यापशी जीप हाय?"

दुकानात तेव्हा हिवरवाडीचे दोन जण ग्रीस घ्यायला उभे होते. मुंजाबा दीड कोस चालून घरी पोचायच्या आधी त्याची जीप वाडीत पोचली होती.

लोकांनी लगेच सगळं जुळवून टाकलं. कळप विकल्याचे पैसे गेले कुठं? जीप. दर बाजारी आईल आणतो कशाला? जीप. मग दिसत का नाही? लपवली असणार, पोराला हिस्सा द्यायला नको म्हणून. कुणी म्हणालं कडब्याच्या गंजीखाली आहे. कुणी म्हणालं करमाडला एका गोडाऊनात ठेवली आहे. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, ह्यावर सोळा वर्षं मोर्चे, लाठ्या आणि जाळपोळ चालली होती. मुंजाबाचं नामांतर हिवरवाडीनं एका दुपारीत करून टाकलं. तो जीपवाला मुंजाबा झाला.

आणि खोटं कशाला बोला, लोक त्याला रामराम घालू लागले. शेजारची साळूबाई बानाबाईची मैतरीण. बानाबाई गेल्यापासून ती दारावरून मान खाली घालून जायची, काय बोलावं ते तिला सुचत नसे. आता ती थांबायची. "भावजी, थंडी लई पडलीय. झाकून ठिवता ना तिला?"

"ठिवतो," मुंजाबा म्हणायचा.

पौषात, संक्रांत चार दिवसांवर असताना, पुन्हा बंद झाला. त्या हिवाळ्यात बंद एकामागून एक होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळणार अशी बातमी होती, आणि ते मिळू नये म्हणणाऱ्यांनी जालना रोडवर दगड रचले होते. एसटी बंद, करमाड बंद, कडुबाचं शटर बंद.

सकाळी आठाच्या सुमाराला साळूबाई पळत आली. तिची लेक गीता बाळंतपणाला आलेली होती.

"भावजी, गाडी काढा. पोर आडवं हाय. सुईन म्हन्ती हे आपल्या हातचं काम नाय, औरंगाबादला घाटी दवाखान्यात न्या."

मुंजाबा अंगणात शेकोटीपुढं बसला होता. तो उठला. परत बसला. परत उठला.

"साळूबाई, गाडी नाय."

"कुठं गेली?"

"कुठं गेली नाय. नव्हतीच."

साळूबाईला ते खरं वाटेना. तिनं कडब्याच्या गंजीमागं जाऊन बघितलं. मग घरात डोकावली. फळीवर बाटल्या ओळीनं बसल्या होत्या, गळ्यात धागे बांधून, दाव्याला बांधल्यासारख्या.

"मंग एवढं आईल कशाला?"

मुंजाबानं वाकडी झालेली एक बाटली ओळीत सरकवली.

साळूबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आणि ती कचरूच्या घराकडं पळाली.

कचरू भीमनगरातला. करमाड ते औरंगाबाद काळी-पिवळी जीप चालवायचा. बंदच्या दिवशी जीप बाहेर काढू नको असं त्याला घरच्यांनी बजावलं होतं, आणि काढलीस तर काचेवरचं 'जय भीम' तरी खरडून टाक, असं इतर लोक सुचवत होते. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावावरून झालेल्या दंगलीत त्याच्या मामाचं घर जळालं होतं. त्या नावाबद्दल तो स्वतः चेष्टा करत नसे, दुसऱ्याला करू देत नसे.

"काच फुटंल, नाव निगनार नाय," तो म्हणाला, आणि जीप काढली. गीताला मागं आडवी घातली, साळूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोठ्या रस्त्यावर दगड, म्हणून कचरूनं जीप मागच्या गाडवाटेला घातली. ती वाट मुंजाबाच्या दारावरून ओढ्यात उतरते. ओढ्याच्या तोंडाशी खालून धाडकन आवाज आला. तिथं जमिनीतून वर आलेला एक जुना दगड होता. तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. कित्येक वर्षांपासून तिथंच होता.

कचरू खाली वाकला. इंजिनाखालच्या चेंबरला चीर पडली होती आणि काळं आईल धुळीत धार धरून चाललं होतं.

"संपलं," कचरू म्हणाला. "आईलाबिगर पाव कोस बी जानार नाय. इंजन जाम होईल. आन आज सुईएवढं दुकान उगडं नाय."

मागून गीता ओरडली. साळूबाईनं मान वर केली, आणि तिची नजर समोर उभ्या मुंजाबावर गेली. ह्या खेपेला ती नजर वेगळी होती.

"आईल," साळूबाई म्हणाली.

मुंजाबा घरात पळाला. अडुसष्ट वर्षांचा माणूस पळाला, म्हणजे बघणाऱ्याला तो चाललाय असंच वाटलं असतं. पण तो पळाला. आधी उरलेल्या लोकरीचं गाठोडं आणि धुण्याचा साबण आणला. कचरूनं साबण मळून लोकरीत कालवला, तो चिरीत ठासला आणि वरून ट्यूबची पट्टी करकचून बांधली. मेंढीची शेवटची लोकर जीपच्या पोटाला लागली.

तोवर बाटल्या आल्या. कचरूनं हाताला लागली ती उचलली आणि बूच काढलं.

"ती नको," मुंजाबा म्हणाला.

"आईल ते आईल मामा, वता पटापटा."

"ती नव्वद हाय. दोन गाठी बग. गेरची हाय ती, इंजनात घुसमटून मरंल. ह्ये रंगीत बी नको, ह्ये जाळायचं असतं."

"तुमाला वाचता येतं का?"

"नाय."

"मंग कशावरून बोलता?"

"मेंढरं तरी कुठं वाचून वळखीत व्हतो," मुंजाबा म्हणाला. त्यानं बाटलीतले दोन थेंब चिमटीत घेतले, चिमटी उघडली. जाड तार लोंबत राहिली. त्यानं ते कचरूच्या नाकापुढं धरलं. कचरूनं तोंड फिरवलं आणि बाटली खाली ठेवली.

"चाळीस द्या मंग."

मुंजाबानं काळ्या धाग्याची बाटली उपडी केली. रात्रभराच्या थंडीनं आत काकवी झाली होती. एक लोळी बाटलीच्या तोंडाशी आली आणि विचार करत थांबली. गीता परत ओरडली.

मुंजाबा बाटलीकडं बघत राहिला. मग ती खाली ठेवून आत गेला. देवळीपुढं उभा राहिला. पांढऱ्या धाग्याच्या आठ बाटल्या, कुंकवाच्या डबीला टेकून बसलेल्या. त्यानं डबी बाजूला सरकवली.

"ह्ये कोन्तं?" बाहेर आल्यावर कचरूनं विचारलं.

"वाळूजचं."

वाळूजचं आईल थंडीत पाण्यासारखं सुळकन गेलं. आठ बाटल्या, चार लिटर. कचरूनं आईल मोजायची काडी काढून बघितली, पुसली, परत घातली, परत बघितली. जीप चालू केली. दोनदा खोकली, मग एका सुरात बोलायला लागली.

"मामा, बसा. साबन कुठवर धरन ते ठावं नाय. गळलं की वतायला मानूस पाहिजे."

अशा रीतीनं मुंजाबा जीपमध्ये बसला. मांडीवर काळ्या धाग्याच्या सहा बाटल्या. इंजिन तापल्यावर चाळीस चालतं, हे त्यानंच सांगितलं. दर दोन कोसाला कचरू थांबायचा, काडी बघायचा, मुंजाबा बाटली उपडी करायचा. बाटल्या इंजिनाशेजारी राहून ऊबदार झाल्या होत्या आणि चाळीस नंबर आता शहाण्यासारखं वागत होतं.

चिकलठाण्याच्या अलीकडं पोलिसांनी अडवलं. हवालदारानं आत डोकावलं. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर तेलाच्या बाटल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी लोकरीची वात. हवालदार दोन पावलं मागं सरकला.

"खाली उतर. पेट्रोल बाँब हैत का हे?"

"चाळीस नंबर हाय," मुंजाबा म्हणाला. "पेटत नाय."

"धागे कशाचे?"

"मेंढीचे."

हवालदारानं कचरूकडं बघितलं, काचेवरच्या नावाकडं बघितलं, मग गीता अशी ओरडली की त्याला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. त्यानं अडसर काढायला सांगितलं. जीप हलता हलता तो खिडकीजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, मपली बुलेट हाय. लई धूर टाकती. तिला कोन्तं घालावं?"

मुंजाबानं मांडीवरच्या बाटल्या सावरल्या. जन्मात पहिल्यांदा ही पाळी त्याच्यावर आली होती.

"किती जुनी हाय?" त्यानं विचारलं.

"बारा वर्सं."

"चढाला दम टाकती?"

"टाकती ना."

"चाळीस," मुंजाबा म्हणाला. "आन घाई नाय करायची. मुरू द्यायचं."

घाटीत गीताला आत नेलं. दुपारी मुलगी झाली, दोघी धड. साळूबाई रडली, कचरू पायरीवर बसून राहिला, आणि मुंजाबा फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. बिरूला गाठावं असं त्याच्या मनात होतं, पण बंद होता आणि वाळूज लांब होतं. रस्ता मोकळा होता. तेवढ्यात खिडक्यांना जाळ्या लावलेली एक कंपनीची बस पाळी संपवून आली. सगळ्या खिडक्यांना एकेक डोकं टेकलेलं, सगळे झोपलेले. बिरू त्यात असेल किंवा नसेल. बस इतकी गपचूप गेली, की मुंजाबाला तिचं आईल मनोमन पसंत पडलं.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला नाव मिळालं. जुनं नाव राहिलं आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं लागलं. कचरूनं भीमनगरात साखर वाटली, एक मूठ मुंजाबाच्या हातावर पण ठेवली. "सोळा वर्सं लागली मामा," एवढंच म्हणाला.

मुंजाबाची जीप मात्र त्याच आठवड्यात गेली. कडब्याखाली नाही, गोडाऊनात नाही, नव्हतीच, हे हिवरवाडीपासून करमाडच्या स्टँडपर्यंत सगळ्यांना कळलं. लोक नावं ठेवत नव्हते. उलट चांगलंच बोलत होते. पण चांगलं बोलायचं झालं की लोक लांबून बोलतात. साळूबाई नातीला घेऊन येऊन गेली, लाडू ठेवून गेली. आता दारात थांबून विचारायला काही नव्हतं. झाकून ठेवायचं असं घरात काही उरलं नव्हतं. फळीवर दोन गाठींच्या तीन बाटल्या आणि तपकिरी धाग्याच्या थोड्या बाटल्या उरल्या होत्या. देवळीत कुंकवाची डबी एकटी होती.

दोन बाजार मुंजाबा गेला नाही. कडुबा आता हसणार, हे पक्कं होतं. बिरू मधे येऊन झोपून गेला. त्याला उशाशी बसून सगळं सांगितलं, जीप, साबण, हवालदार. बिरूनं झोपेत कूस बदलली.

तिसऱ्या बाजारी मुंजाबा गेला. बाटली मुद्दामच घेतली नाही. दुकानापुढं उभा राहिला. भिंतीवर तक्ता होता, लोक येऊन चित्रावर बोट ठेवत होते आणि पाच मिनिटांत मोकळे होत होते. कडुबा मापानं आईल ओतत होता. त्यानं मुंजाबाला बघितलं आणि परत मापात बघितलं. हसला नाही. गिऱ्हाईकं सरली तरी मापच पुसत बसला. बराच वेळ पुसलं.

मग मान वर न करता म्हणाला, "किती जुनी हाय?"

मुंजाबाला आधी कळलं नाही. मग कळलं.

"अडुसष्ट वर्सांची," तो म्हणाला.

"चढाला दम टाकती?"

"टाकती."

"सकाळी चालू व्हाया कुरकुर?"

"करती. ढकलायला कुनी नसतं."

"धूर?"

"बिडीचा."

"आवाज?"

"आवाज करायला समोर कुनी लागतं ना, कडुबा."

कडुबानं फडकं खाली ठेवलं. उठून तक्त्यापुढं गेला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, ट्रक बघितला, ट्रॅक्टर बघितला, जीप बघितली. परत येऊन बसला.

"ह्यात नाय तुमची," तो म्हणाला. "आन मामा, हिला आईल लागतच नाय. दुखनं येगळंच हाय. उभी गाडी असती ना, तिचं आईल सगळं खाली जाऊन बसतं, वरचे पार्ट कोरडे पडत्यात. कितीबी भारी आईल घाला, उपेग नाय. तिला रोज चालवावं लागतं."

"किती?"

कडुबानं हिवरवाडीच्या बाजूला बघितलं आणि हिशेब केल्यासारखं केलं.

"दीड कोस," तो म्हणाला. "येतानी दीड, जातानी दीड. इथं घटकाभर बंद करून उभी करायची. मी बगन तवर."

मुंजाबानं मान हलवली. इलाज त्याला पटला. त्यानं सवयीनं पिशवीत हात घातला, बाटली नव्हती.

घरी परतताना ऊन उतरलं होतं. दोन्ही अंगांना तारा, तारांच्या आत प्लॉटांचे पांढरे दगड, आणि वाटेवर पुढंमागं चिटपाखरू नाही. वाडीच्या चढाला त्याला दम लागला. तो थांबला, छाती धडधडत होती, ती ऐकली. मग आपल्याच पाठीला मागून दोनदा थाप मारली आणि निघाला.